गॅरेजमधले विमान आणि हाताची विद्या

मोटार ठेवण्यासाठी बांधलेल्या खोलीत मोटारीऐवजी विमानाचा पंख उभा आहे, असे कोणी सांगितले तर आपण ती कल्पित कथा समजू. अमेरिकेतील उपनगरांत मात्र हे दृश्य फारसे नवलाचे राहिलेले नाही. दिवसा नोकरी किंवा धंदा करणारी माणसे रात्रीच्या जेवणानंतर गॅरेजमधला दिवा लावतात आणि दोन तास पत्र्याला छिद्रे पाडत, त्यांच्या कडा घासत, रिव्हेट ठोकत उभी राहतात. काही वर्षांनी त्याच गॅरेजमधून दोन माणसांना घेऊन ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान बाहेर पडते. ते खेळणे नसते. त्याला सरकारी नोंदणी क्रमांक असतो, उड्डाणाचे प्रमाणपत्र असते आणि त्यातून माणसे शेकडो मैलांचा प्रवास करतात.

व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हिशेबाचा. वापरलेले तयार विमान बाजारात मिळत असताना हजारो तास खर्ची घालून ते घरी बांधण्यात कोणता लाभ? स्वतःच्या वेळेची मजुरी धरली तर हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरेल. या प्रश्नाचे उत्तर त्या देशाच्या कायद्यातच लिहून ठेवलेले आहे. ते उत्तर केवळ विमानापुरते नाही, म्हणूनच या वेळच्या सदरासाठी हा विषय निवडला आहे.

घरी विमान बांधण्याची हौस विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधू स्वतः सायकलींचे दुकानदार होते आणि त्यांच्या १९०३ च्या विमानाचे भाग ओहायो राज्यातील डेटन शहरात, त्यांच्या दुकानातच तयार झाले. पुढे १९२९ मध्ये मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या लहानशा गावात बर्नार्ड पीटेनपोल यांनी फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन वापरून लाकडी सांगाड्याचे, कापडाने मढवलेले दोन आसनी विमान उडवले. त्यांच्या आराखड्यांवरून आजही लोक विमाने बांधतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, जानेवारी १९५३ मध्ये, विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींना एकत्र आणून 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. आरंभीची अनेक वर्षे तिचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून चालत असे आणि त्यांच्या पत्नी ऑड्री या त्या कामात बरोबरीने उभ्या होत्या. आज त्याच राज्यातील ऑशकॉश येथे दर वर्षी उन्हाळ्यात या संस्थेचा मेळा भरतो. त्या आठवड्यात तेथे आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर दहा हजारांहून अधिक विमाने येतात.

आता कायद्याकडे वळू. प्रवासी विमान किंवा कारखान्यात बनवलेले लहान विमान बाजारात आणण्यापूर्वी निर्मात्याला त्या प्रकाराच्या दीर्घ आणि खर्चिक चाचण्यांतून जावे लागते. घरी एकच विमान बांधणाऱ्याला ते शक्य नसते. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने हौशी बांधकामासाठी वेगळा वर्ग ठेवला आहे. त्या वर्गात बसण्यासाठी दोन अटी आहेत. पहिली अट अशी की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग घडवण्याचे आणि जोडण्याचे काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे. बोलीभाषेत याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. दुसरी अट हेतूविषयी आहे. हे काम बांधणाऱ्याने केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी हाती घेतलेले असले पाहिजे.

ही दुसरी अट आपण पुन्हा एकदा वाचावी. पैसे वाचवणे हा हेतू कायद्याने मानलेला नाही, बांधून विकणे हाही नाही. सरकार या माणसाला एवढी मोठी सवलत देते ती त्याने शिकावे म्हणून. ते पत्रा, इंजिन, चाके हे सारे विकत घेऊ शकते, तयार आराखडा घेऊ शकते, अर्धवट जोडलेला संचही घेऊ शकते. परंतु शिकण्याचे काम त्याने दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. पैसे देऊन कारागिरांकडून विमान बांधून घेतले आणि स्वतःच्या नावावर दाखवले, तर तो कायद्याचा भंग ठरतो.

हे शिक्षण प्रत्यक्षात कसे होते, ते पाहण्यासाठी सर्वांत अधिक बांधल्या जाणाऱ्या विमानांचे उदाहरण घेऊ. ऑरेगन राज्यातील रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'आरव्ही' या नावाच्या धातूच्या लहान विमानांचे आराखडे आणि सुटे भाग विकण्यास सुरुवात केली. त्यांच्या आराखड्यांवरून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. त्यांतील 'आरव्ही-७' या दोन आसनी विमानाच्या पंखांचा विस्तार २५ फूट आणि लांबी सुमारे २० फूट. दोन मोटारींचे अमेरिकी गॅरेज साधारण २० फूट लांब आणि तितकेच रुंद असते. म्हणजे पूर्ण जोडलेले विमान त्यात मावणे शक्य नाही. म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी बांधतात. आधी शेपटी, मग एकेक पंख, मग धड. तयार झालेले पंख भिंतीशी लाकडी घोडीवर उभे करून ठेवतात आणि अखेरची जोडणी विमानतळावरच्या भाड्याच्या शेडमध्ये होते. कामाला हात घालण्यापूर्वी दाराची रुंदी मोजून घ्या, हा तेथील जुन्या मंडळींचा पहिला सल्ला असतो.

शेपटीपासून आरंभ करण्यामागे चांगला व्यवहार आहे. तो विमानाचा सर्वांत लहान आणि स्वस्त भाग. त्यात थोडे भांडवल अडकते, परंतु पुढे लागणारी जवळजवळ सर्व कौशल्ये तेथे शिकून होतात. ज्याला हे काम झेपणार नाही, त्याला ते तेथेच कळते. अनेकांचे काम तेथेच थांबतेही. पुढे इंजिन, त्याचा पंखा आणि उपकरणे यांचा खर्च सांगाड्याच्या खर्चाहून अधिक होतो. त्या पायरीला पोहोचण्याआधी माणसाला आपली कुवत कळलेली असणे, हे त्याच्या कुटुंबाच्याही हिताचे असते.

या विमानाची कातडी म्हणजे एक मिलिमीटरहूनही पातळ असा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. तो आतल्या फासळ्यांना हजारो रिव्हेटांनी जोडलेला असतो. प्रत्येक छिद्राची कथा सारखीच. आधी ते नेमक्या मापाचे करायचे, मग त्याच्या कडेला राहिलेली धातूची बारीक धार काढून ती कड गुळगुळीत करायची. ही धार राहिली तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला जेमतेम लागते. परंतु हवेत पंख थरथरू लागला की तडा तेथूनच सुरू होण्याची भीती असते. त्यानंतर दोन पत्रे तात्पुरत्या खिळांनी एकत्र धरायचे आणि रिव्हेट बसवायचा. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी हातोडी धरतो, दुसरा आतून लोखंडाचा घडीव ठोकळा रिव्हेटच्या शेपटाला लावून ठेवतो. दोन-तीन सेकंदांचा खडखडाट होतो आणि शेपूट चपटे होऊन बसते. त्याचे मापही ठरलेले आहे. चपट्या झालेल्या भागाची रुंदी मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी.

हे काम एकट्याने होत नाही. आतला ठोकळा धरायला पत्नी येते, मुलगी येते, शेजारी येतो. लहान मुलाचा हात अरुंद जागेत सहज पोहोचतो, म्हणून मुलेही कामाला लागतात. अशा घरांत विमान ही एका माणसाची हौस राहत नाही. तो कुटुंबाचा उद्योग होतो, किंवा मग त्यावरून घरात कटुता येते. दोन हजार तासांचे काम धरले आणि रोज दोन तास दिले, तरी एकही खाडा न करता एक हजार दिवस लागतात. सणवार, आजारपण, मुलांच्या परीक्षा, धंद्यातील अडचणी धरल्या तर पाच-सात वर्षे सहज जातात. तेवढी वर्षे मोटार अंगणात उभी राहणार, रात्री ठोकाठोक होणार, सुट्टीचे पैसे यंत्रसामग्रीत जाणार. ज्या घरात हे आधी मोकळेपणाने बोलले गेले नाही, तेथे अर्धवट विमान विक्रीला निघते. अशा अर्धवट संचांची खरेदी-विक्री तेथे नेहमीच चालू असते.

रिव्हेट बिघडला तर काय करायचे, हा या विद्येचा खरा धडा आहे. वाकडा बसलेला रिव्हेट काढता येतो, पण काढताना छिद्र मोठे होण्याचा धोका असतो. म्हणजे दुरुस्तीने दोष वाढूही शकतो. थोडासा वाकडा रिव्हेट तसाच ठेवणे कधी अधिक सुरक्षित असते, तर कधी तो काढणेच आवश्यक असते. पुस्तक मापे सांगते, निर्णय मात्र स्वतःच घ्यावा लागतो. शेवटचा पत्रा बसला की आतले काम कोणालाही दिसणार नाही. तपासणारा अधिकारी प्रत्येक रिव्हेट उघडून पाहू शकत नाही. रात्री अकरा वाजता, थकलेल्या हाताने बसवलेला रिव्हेट बरोबर आहे की नाही, हे सांगणारा साक्षीदार बांधणाऱ्याशिवाय दुसरा नसतो.

म्हणूनच या कामात नोंदवहीला फार मोठे स्थान आहे. आपल्या पेढ्यांवर जसा रोजमेळ लिहिला जातो, तसा प्रत्येक बांधणारा रोजच्या कामाचा रोजमेळ लिहितो. तारीख, किती तास, कोणता भाग, कोणत्या पानावरील आराखडा, काय बिघडले, काय बदलले, आणि सोबत छायाचित्रे. सरकारी तपासनीस अंतिम तपासणीला येतो तेव्हा विमानाइतकीच ही वही पाहतो. निम्म्याहून अधिक काम खरोखर याच हातांनी झाले, याचा तोच पुरावा असतो. शिवाय वर उल्लेख केलेल्या संस्थेचे अनुभवी सभासद स्वेच्छेने अशा घरी जाऊन, पत्रा बंद होण्याआधी काम पाहून देतात. आपल्या हिशेबाची तपासणी दुसऱ्या डोळ्यांनी व्हावी, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

तपासणी झाल्यावर विमानाला उड्डाणाचे प्रमाणपत्र मिळते, पण बंधने घालूनच. आत शिरण्याच्या जागेजवळ 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. आतमध्ये प्रवाशाला दिसेल अशा ठिकाणी एक पाटी असते. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून नेहमीच्या विमानांसाठी असलेले सुरक्षेचे निकष ते पुरे करत नाही, असा तिचा आशय असतो. आपल्या मालाचा दोष ग्राहकाच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवावा, अशी सक्ती फार थोड्या धंद्यांत आढळते. त्यानंतर पहिले २५ किंवा ४० तास, इंजिन आणि पंखा प्रमाणित जोडीचा आहे की नाही त्यानुसार, विमान ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडवावे लागते. या काळात प्रवासी नेता येत नाही. प्रत्येक वेगाला विमान कसे वागते, किती अंतरात उतरते, इंजिन किती तापते, याची नोंद करत ते तास पुरे करायचे असतात. भाड्याने प्रवासी किंवा माल नेण्याचा धंदा या विमानातून पुढेही करता येत नाही.

एवढी काळजी कशासाठी, हे इतिहासाने दाखवले आहे. फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये एक छोटेसे, सोपे विमान उडवले आणि ते घरी कसे बांधावे याचे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. सामान्य माणसाला खिळे आणि लाकूड घेऊन उडता येईल, या कल्पनेने युरोपात अक्षरशः वेड लागले. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये घरोघरी ती विमाने बांधली जाऊ लागली. मग प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. १९३६ च्या सुमारास पवनबोगद्यात तपासणी झाली तेव्हा कळले की विमानाचे तोंड विशिष्ट मर्यादेपलीकडे खाली झुकले की पुढच्या आणि मागच्या पंखांचा एकमेकांवर असा परिणाम होतो की वैमानिकाला ते वर घेताच येत नाही. त्यांच्या उड्डाणावर बंदी आली. बांधणाऱ्यांनी सुतारकाम चोख केले होते. दोष आराखड्यातच होता आणि तो ओळखण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते.

आजही धोका संपलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये ही विमाने तेथील खासगी आणि लहान विमानांच्या एकूण संख्येत जवळजवळ १० टक्के होती. परंतु त्या क्षेत्रातील एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. इंजिनातील बिघाड आणि हवेत विमानावरील ताबा सुटणे, ही प्रमुख कारणे. विमानाच्या आयुष्यातील आरंभीची उड्डाणे विशेष धोक्याची.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या वर्षी ज्या अपघातांची चौकशी झाली, त्यांतील निम्म्याहून अधिक विमाने अपघाताच्या वेळच्या मालकाने बांधलेली नव्हती. ती त्याने दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. विमान तेच, पत्रा तोच, इंजिन तेच, फक्त हात बदलले होते.

याचे एक दुःखद उदाहरण साऱ्या जगाला माहीत आहे. प्रसिद्ध अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर हे अनुभवी वैमानिक होते. त्यांनी घरी बांधलेले 'लाँग-ईझी' जातीचे विमान विकत घेतले. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या समोर, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. इंधनाच्या नळ्या बसण्याच्या जागेत नकोत, असा त्याचा विचार होता. त्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही आणि त्याला ती कळ कोठे आहे हे अंधारातही सापडले असते. नव्या मालकाला मात्र त्यासाठी आसनात मागे वळावे लागे. कळीवर खुणाही नव्हत्या. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ ते विमान समुद्रात कोसळले आणि डेन्व्हर मृत्युमुखी पडले. टाक्यांत इंधन थोडे होते. ती कळ फिरवण्याच्या प्रयत्नात नकळत पायाखालची सुकाणूची पट्टी दाबली जाऊन विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष मंडळाने काढला. कळीची अवघड जागा, न केलेल्या खुणा आणि त्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण, यांचाही उल्लेख अहवालात आहे.

येथे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गॅरेजमध्ये दोन हजार तास घालून माणसाला दोन वस्तू मिळतात. एक विमान, आणि दुसरी त्या विमानाची विद्या. कोणती नळी कोठून गेली आहे, कोणत्या रिव्हेटपाशी हात थरथरला होता, कोणता भाग दोनदा करावा लागला, हे सारे त्याच्या हातांना ठाऊक असते. म्हणूनच प्रशासन त्या बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करून सही करण्याचे प्रमाणपत्र देते. विमान विकले गेले तरी हे प्रमाणपत्र नव्या मालकाकडे जात नाही. स्वतः सही करण्याचा तो हक्क त्याला आपोआप मिळत नाही. वस्तूचे हस्तांतर होते, विद्येचे होत नाही, हे कायद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच मान्य केले असेल.

मग उपाय काय? मंडळाने त्याच अभ्यासात जे सुचवले त्याचा गाभा साधा आहे. बांधणाऱ्याने आपल्या विमानाचे माहितीपुस्तक तयार करावे, चाचण्यांत मिळालेले आकडे जपून ठेवावेत आणि नव्या मालकाने पहिल्या उड्डाणाआधी जाणकाराबरोबर बसून त्या विमानाचे प्रशिक्षण घ्यावे. म्हणजे विद्या पूर्ण देता येत नसली, तरी जितकी लिहून आणि शिकवून देता येईल तितकी द्यावी.

विद्येचा उपयोग संकटात कसा होतो, याचे अलीकडचे उदाहरण आरव्ही विमानांच्या त्याच कंपनीचे आहे. मागणी फार वाढल्यामुळे तिने २०२२ मध्ये काही भाग बाहेरून लेझरने कापून घेतले. अशा काही छिद्रांत रिव्हेटसाठी खळगा करताना बारीक तडे जाऊ लागले. कंपनीने ग्राहकांना ही गोष्ट सांगितली, चाचण्या घेतल्या, कोणते भाग बदलावेत याची यादी दिली आणि बदली भाग देण्याचे मान्य केले. हा खर्च आणि आधीच उत्पादनखर्चाहून कमी ठेवलेले दर यांमुळे ती अडचणीत आली. डिसेंबर २०२३ मध्ये तिने धनकोंपासून संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला. संस्थापकांनी स्वतःचे पैसे कर्जाऊ दिले, प्रलंबित मागण्यांचे दर वाढवावे लागले आणि पुढच्या वर्षी पुनर्रचनेला मान्यता मिळून ती सावरली. दर ठरवताना खर्चाचा ताळा न घेणे आणि घाईने कामाची पद्धत बदलणे, या दोन्ही चुका कोणत्याही पेढीवर घडू शकतात. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्या काळात गॅरेजमधल्या बांधणाऱ्याला आपल्या पत्र्याकडे भिंग घेऊन पाहता येत होते. छिद्राची कड कशी असावी, हे त्याला ठाऊक होते. तयार वस्तू विकत घेणाऱ्याला हे पाहता आले नसते.

आपल्या महाराष्ट्रालाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. मुंबईत अमेरिकी पद्धतीचे गॅरेज कोठून असणार? कांदिवलीच्या चारकोप भागात वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. त्याआधीही त्यांनी विमाने बांधण्याचा प्रयत्न केला होता. गच्चीवर घडलेले त्यांचे सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले आणि सर्वांच्या डोळ्यांत भरले. परंतु ज्या देशात असे विमान बांधणारे फारसे कोणी नव्हते, तेथे ते नोंदवण्याची वाटही रुळलेली नव्हती. नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडले आणि चाचणी-उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. अमेरिकेत जी वाट पोबेरेझ्नींच्या पिढीने अनेक वर्षे खपून मोकळी केली, ती येथे एका कुटुंबाला स्वतःच्या पायांनी पाडावी लागली. त्या घरातील माणसांनी इतकी वर्षे गच्ची, पैसा आणि धीर पुरवला नसता, तर ते विमान आराखड्याच्या कागदावरच राहिले असते.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी घरी विमान बांधायला घ्यावे, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. मोठ्या शहरातील आपल्या घरांत मोटार उभी करायलाही जागा नसते. परंतु आपल्याही घरात एखादे मूल असे असते, जे दुकानातून आणलेले यंत्र आधी उघडून पाहते. कधी पंखा, कधी घड्याळ, कधी वडिलांचा जुना गणकयंत्राचा संच. त्याला आपण पटकन म्हणतो, तयार मिळते ते कशाला करत बसतोस? हिशेबाने आपले म्हणणे बरोबर असते. पण त्या हिशेबात एक रक्कम धरायची राहून जाते, ती म्हणजे हाताला आलेली विद्या. तिचे बाजारात मोल होत नाही आणि ती नसल्याची किंमत बहुधा फार उशिरा मोजावी लागते.

दुसरी गोष्ट घरातील ज्येष्ठांसाठी आहे. आपल्या पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या पेढ्याही एक प्रकारे घरी बांधलेल्या विमानांसारख्याच असतात. आजोबांनी किंवा वडिलांनी एकेक रिव्हेट स्वतःच्या हाताने ठोकलेला असतो. कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यायची, कोणता माल कोणत्या महिन्यात भरायचा, कोणत्या अडतीवर विश्वास ठेवायचा, या साऱ्या कळा कोठे बसवल्या आहेत ते त्यांनाच ठाऊक असते. कधी त्या कळा खांद्यामागेही असतात. त्यामागचे कारण त्यांना माहीत असते, पण ते कोठे लिहिलेले नसते. मग एके दिवशी मुलगा किंवा सून त्या आसनावर बसते. दुकान, माल, नाव हे सारे कागदोपत्री तिच्या हाती आलेले असते.

तिला अडचणीच्या वेळी मागे वळून कळ शोधावी लागू नये, ही जबाबदारी बांधणाऱ्याची आहे. त्यासाठी आजपासून थोडे लिहून ठेवावे, काही महिने शेजारी बसून शिकवावे, आणि जेथे आपण मूळ पद्धतीपेक्षा वेगळे काही केले आहे तेथे ते का केले हे निःसंकोच सांगावे. आणि नव्या पिढीने, वारसा मिळाला म्हणून विद्याही मिळाली असे न मानता, पहिले चाळीस तास ठरलेल्या क्षेत्रात, प्रत्येक गोष्टीची नोंद करत काढावेत. घाई तेव्हाही नको आणि नंतरही नको.